शंभर युनिटांच्या पुढचा खेळ

केडगावातल्या एखाद्या घरात गेमिंग पीसी घ्यायचं ठरलं की चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, काचेचं आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घ्यायचं का, हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला जोडल्यावर चित्र कसं दिसेल. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, ओळ शेवटी असते आणि बजेट ताणलं की पहिली कात्री तिथंच लागते. विजेचा विषय तर पहिलं बिल हातात पडेपर्यंत निघत नाही. प्रत्यक्षात घरातल्या मोठ्या माणसांनी आधी पाहायच्या गोष्टी याच दोन आहेत. पीसी किती वर्षं टिकेल हे बऱ्याच अंशी एसएमपीएसवर ठरतं आणि तो दरमहा केवढ्याला पडेल हे वीजबिलाच्या टप्प्यावर.

केडगाव हे नगरहून पुण्याकडे जाताना लागणारं उपनगर. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ओळखलं जाणारं हे गाव आज अहिल्यानगर महापालिकेचा भाग आहे. अशा वस्तीत संगणकासाठी वेगळी खोली फार थोड्यांकडे असते. त्यामुळे मोठा टीव्ही, चांगला सोफा आणि वायफायचा राउटर जिथं आहे त्या हॉलमध्येच गेमिंग पीसी येतो. तिथं तो टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर यांच्या शेजारात नांदतो. बऱ्याचदा हे सगळं एकाच एक्सटेन्शन बोर्डवर असतं.

आता या यंत्राची भूक किती वाढली ते पाहू. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या पॉवर सप्लायची क्षमता होती ६३.५ वॉट. आज एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या एकाच कार्डाला ५७५ वॉट लागतात. अर्थात ते कार्ड सामान्य घरात येत नाही. मध्यमवर्गीय बजेटात बसणारं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॉटवर चालतं, त्याआधीचं ३०६० हे १७० वॉटवर. म्हणजे नवं कार्ड जास्त वीज खातंच असं नाही. योग्य पायरीवरचं नवं कार्ड जुन्यापेक्षा कमी विजेत जास्त काम करतं. कार्ड निवडताना पाहायचा हा पहिला आकडा, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर उघड दिलेला असतो.

एसएमपीएस करतो काय? भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टचा एसी प्रवाह येतो. एसएमपीएस आधी त्याचा डीसी करतो. या टप्प्यावर आतला दाब सव्वातीनशे व्होल्टच्या पुढे असतो, म्हणूनच हा डबा घरी उघडायचा नसतो. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. इतक्या वेगामुळे आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा लहान चालतो. त्यातून बाहेर पडतात १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तीन लाइन. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी खादाड मंडळी १२ व्होल्टवर जगतात. ठरलेल्या मानकानुसार या दाबात पाच टक्क्यांहून अधिक चढउतार चालत नाही. खेळ रंगात असताना कार्डाची मागणी क्षणार्धात दुप्पट होते आणि तेवढ्याच वेगानं खाली येते. अशा वेळी १२ व्होल्ट स्थिर राखणं हेच चांगल्या एसएमपीएसचं काम. स्वस्तातला इथंच दम तोडतो. पीसी अचानक रीस्टार्ट होतो आणि घरात दोष विंडोजला दिला जातो.

मग किती वॉटचा घ्यावा? सहा कोअरचा प्रोसेसर आणि ४०६० कार्ड असलेला पीसी खेळ चालू असताना आतून साधारण २२० वॉट मागतो. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. क्षणिक उसळ्या आणि पुढे कार्ड बदलण्याची सोय धरली तर हा आकडा पुरेसा आहे. ‘मोठा घेतला तर बिल जास्त येईल’ ही भीती मात्र निराधार. छतावर हजार लिटरची टाकी बसवली म्हणून घरात रोज हजार लिटर पाणी लागत नाही, तसंच ७५० वॉटचा एसएमपीएस संगणक मागेल तेवढीच वीज खेचतो, वर थोडी आपली घट. मोठ्याचा तोटा एकच, की खरेदीच्या वेळी पैसे जास्त जातात आणि ती क्षमता न वापरता पडून राहते.

खरा धोका आहे कॅबिनेटबरोबर जवळपास फुकट मिळणाऱ्या, नाव नसलेल्या ‘४५० वॉट’ एसएमपीएसचा. त्याच्या अंगावरचं लेबल वाचायला कोणतीही पदवी लागत नाही. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं आणि त्याला १२ नं गुणायचं. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ व्होल्टवर मिळतात जेमतेम १९२ वॉट, वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असलं तरी. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४० ते ४५ अँपिअर दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यातल्या दुकानात किंवा नगरमध्ये, खरेदी कुठंही असो, हा एक गुणाकार काउंटरवरच करून घ्यावा.

यानंतर येतो ‘८० प्लस’चा शिक्का. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही प्रमाणपत्राची योजना सांगते, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के संगणकाला मिळते आणि किती उष्णता होऊन जाते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा तिच्या पायऱ्या आहेत. २३० व्होल्टच्या निकषात निम्म्या भारावर ब्राँझला ८८ टक्के आणि गोल्डला ९२ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवर हेच आकडे ८५ आणि ९० आहेत; जास्त दाबावर प्रवाह कमी लागतो आणि घटही कमी होते. म्हणजे भारतातला ग्राहक इथं थोडा फायद्यात आहे.

पण जाहिरात सांगते तसं गोल्ड घेतल्यानं बिल खरंच कमी होतं का? हिशेब मांडून बघू. आतून २२० वॉट मागणारा पीसी ब्राँझवर भिंतीतून २५० वॉट घेईल, गोल्डवर २३९. फरक ११ वॉटचा. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला फरक पडतो एका युनिटचा, म्हणजे तेरा रुपयांच्या आसपास आणि वर्षाला एकशेसाठ. गोल्डसाठी अडीच-तीन हजार जास्त मोजले असतील तर ते केवळ वीजबचतीतून वसूल व्हायला पंधरा वर्षांहून जास्त काळ लागेल. तेवढी वर्षं तो पीसीच राहणार नाही. गोल्ड घ्यावा तो आतले चांगले कपॅसिटर, शांत पंखा आणि सात-दहा वर्षांची वॉरंटी यासाठी. बिलासाठी नव्हे.

युनिटला तेरा रुपये कुठून आले, हा प्रश्न इथं पडायलाच हवा, कारण सगळ्या विषयाची मेख त्यातच आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १४ रुपये ५५ पैसे असा वीज आकार होता. त्यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. पुढे २०२५ मध्ये आकडे बदलले, पण टप्प्यांची चौकट तीच राहिली. २०२४ च्या त्या दरांनी शंभराच्या आतलं युनिट सर्व मिळून ६ रुपये ८२ पैशांना पडत होतं आणि शंभराच्या पुढचं १३ रुपये २९ पैशांना. तीनशेच्या पुढं गेलं की १८ रुपये २४ पैसे. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथं धरलेला नाही.

फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर, मोटर यांनी शंभर युनिटं बहुतेक घरांत आधीच संपलेली असतात. गेमिंग पीसी हा घरात शेवटी आलेला पाहुणा, त्यामुळे त्याचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यातलं. २५० वॉट, रोज तीन तास, महिन्याचे झाले साडेबावीस युनिट. शंभराच्या आतल्या दरानं त्याचे १५३ रुपये झाले असते. दुसऱ्या टप्प्यात ते २९९ होतात. उन्हाळ्यात कूलर किंवा एसीमुळे घर तीनशेच्या पुढं गेलेलं असेल तर तोच खेळ ४१० रुपयांचा. ५५ इंची टीव्हीचे शंभर वॉट धरले तर आणखी नऊ युनिट.

इथं एक गैरसमज दूर व्हायला हवा. शंभरच्या पुढं एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं, असं अनेक जण मानतात. महाराष्ट्रात घरगुती बिलाचं तसं नाही. पहिली शंभर युनिटं पहिल्याच दरानं मोजली जातात, महाग होतात ती पुढची.

तीन तासांच्या खेळाचे तीनशे रुपये बऱ्याच घरांना परवडतील. न परवडणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. खेळ संपल्यावर फक्त टीव्ही बंद केला जातो. पीसी तसाच चालू राहतो, कधी डाउनलोड चालू आहे म्हणून, कधी आळस म्हणून. स्क्रीनवर काही नसताना असा पीसी साधारण ६० वॉट घेत बसतो. दिवसाचे उरलेले २१ तास, महिना ३० दिवस, झाले जवळपास ३८ युनिट. दुसऱ्या टप्प्याच्या दरानं पाचशे रुपये. खेळापेक्षा न खेळण्याचं बिल जास्त! हाच पीसी स्लीपमध्ये गेला तर दोन-तीन वॉटवर येतो आणि महिन्याचा खर्च पंचवीस रुपयांच्या आसपास राहतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पंधरा मिनिटांनी स्लीप लावणं हे एका मिनिटाचं काम आहे. हजारो रुपयांच्या प्लॅटिनम एसएमपीएसनं जे साधत नाही, ते या एका सेटिंगनं साधतं.

दुसरी बचत खेळाच्या आतच आहे. हॉलमधले बहुतेक टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. कार्ड मात्र मोकळं सोडलं तर १२० किंवा १५० चित्रं बनवत राहतं. जास्तीची चित्रं पडद्यावर पूर्ण दिसतच नाहीत. सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० केली की अनेक खेळांत कार्डाची वीज लक्षणीय उतरते, पंख्याचा आवाज थांबतो आणि हॉलमध्ये बसलेल्या आजी-आजोबांनाही शांतता मिळते.

पीसीऐवजी कन्सोल घेतला तर? सोनीचं प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, डिस्कवाल्याची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती. मोठ्या खेळांत ते साधारण २०० वॉट घेतं. एक्सबॉक्स सिरीज एस हे त्याच्या निम्म्याहून कमी. वीजपुरवठा आतच बसवलेला, निवडीचा प्रश्नच नाही. फक्त खेळायचंच असेल तर कन्सोल हा सरळ हिशेबाचा पर्याय आहे. पण त्याच यंत्रावर मुलीला इंजिनिअरिंगचं कॅड चालवायचं असेल, मुलाला व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असेल तर पीसीच लागतो, आणि केडगावसारख्या ठिकाणी पीसीची मागणी याच कारणानं मंजूर होते. व्हॉल्व्ह कंपनीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये हॉलसाठीच जाहीर केलेल्या स्टीम मशीनमध्ये प्रोसेसरला ३० वॉट आणि ग्राफिक्सला ११० वॉट दिले आहेत. टीव्हीखाली ठेवायच्या यंत्राला किती वीज पुरते याचा हा चांगला नमुना आहे. घरी पीसी जुळवतानाही याच्या आसपास राहणं शहाणपणाचं.

आता भिंतीतल्या विजेकडे. कमी दाबाच्या पुरवठ्यात २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली चालतं असा भारतातला जुना नियम, म्हणजे २१६ ते २४४. डीपीपासून लांबच्या, शेतीला लागून असलेल्या वस्त्यांत मोटारी सुरू झाल्या की दाब याहून खाली येतो. चांगल्या एसएमपीएसला त्याचं फार काही वाटत नाही. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेला एसएमपीएस डिम लाइटमध्येही चालतो, त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही.

लाइट क्षणभर जाऊन येते तो प्रकार वेगळा. वीज तुटल्यावरही एसएमपीएसनं आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, अशी मानकाची अपेक्षा असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणजे इन्व्हर्टरनं त्याआधी सूत्रं हातात घेतली तर पीसी चालू राहतो, नाहीतर बंद पडतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो ‘नॉर्मल’वर असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो. पीसी घरात आला की हा खटका एकदा पाहून घ्यावा.

इन्व्हर्टर नसेल तर यूपीएस. इथं व्हीए आणि वॉट यांची गल्लत होते. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच देतो. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. अडीचशे वॉटच्या भारावर ती दहा मिनिटंही धडपणे काढत नाही. खेळ सेव्ह करून पीसी नीट बंद करायला तेवढं पुरतं. खेळत राहायला नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. टीव्ही यूपीएसवर लावू नये. शिवाय काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर बंद पडतात, त्यामुळे दुकानात जोडी जुळते का ते विचारावं.

उपकरणं जळतात ती मात्र दोन कारणांनी. एक वळवाच्या पावसातली वीज, दुसरं तुटलेली न्यूट्रल. खांबावरच्या तीन फेजच्या लाइनमध्ये न्यूट्रल तुटली की घरातल्या २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या दिशेनं दाब चढू शकतो. एकाच गल्लीतले टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि चार्जर एका मिनिटात गेल्याच्या घटना यातूनच घडतात. जादा दाब आला की पुरवठा तोडणारं उपकरण मुख्य बोर्डावर बसवणं हाच यावरचा उपाय आहे. ढग गडगडायला लागले की पीसीची पिन आणि केबलची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या घरांत नेहमीची. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे ११५ च्या आसपासच्या व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्यानं माणसाला सहसा फक्त झिणझिण्या जाणवतात, पण एचडीएमआयची वायर चालू स्थितीत खुपसताना हाच फरक टीव्हीचा पोर्ट जाळू शकतो. हॉलमध्ये हा धोका जास्त, कारण टीव्हीला केबल किंवा डिशच्या वायरनं दुसरीकडून जमीन मिळालेली असते. तिसऱ्या पिनचं टोक तोडून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणं म्हणजे पंचवीस-तीस हजारांचं कार्ड आणि तेवढ्याच किमतीचा टीव्ही पणाला लावणं आहे.

नगरकरांना या गोष्टी परक्या नाहीत. इथल्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोनं उभारलेला स्विचगिअरचा कारखाना आहे. २०२० मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला आणि आता लॉरिट्झ क्नुडसेन या नावानं चालतो. विजेच्या मोटारी बनवणारा क्रॉम्प्टनचा, म्हणजे आजच्या सीजी पॉवरचा कारखानाही इथंच. ज्या शहरात विजेच्या सुरक्षिततेची उपकरणं बनतात आणि ती बनवणारे हात राहतात, तिथं चांगला वायरमन शोधून अर्थिंग तपासून घेणं अवघड नसावं. लाकडी टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात पीसी कोंबायचा मोहही टाळायला हवा. खेचलेले अडीचशे वॉट शेवटी उष्णताच होतात. नगरचा मे महिना चाळिशी पार करणारा, आणि कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला निम्मं होतं असा ठोकताळा आहे. मागची फळी काढून टाकली तरी बराच फरक पडतो.

ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांचं गणित बदलतं. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पीसीसाठी म्हणून कुणी सोलर बसवणार नाही, पण बसवलेला असेल तर महागड्या टप्प्यातली युनिटं आधी कमी होतात. वापराची वेळ नोंदवणारं नवं टीओडी मीटर लागलेल्या घरांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही मिळते. मोठी डाउनलोड रात्रभर चालू ठेवण्यापेक्षा दुपारी लावलेली बरी.

२०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव जगभर भडकले आणि पीसीची कोटेशनं फुगली. अशा वेळी दोन-अडीच हजार वाचवण्यासाठी एसएमपीएस हलका करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. कार्ड एक पायरी खालचं चालेल, रंगीत दिवे नसले तर काहीच बिघडत नाही, रॅम पुढच्या वर्षी वाढवता येते. नामांकित कंपनीचा, निदान ब्राँझ शिक्क्याचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॉटचा एसएमपीएस चार हजारांच्या आसपास मिळतो, आणि पुढचं कार्ड आलं तरी तोच चालतो. दुकानात जाण्याआधी महावितरणच्या बिलावरचा मागच्या बारा महिन्यांचा वापर एकदा पाहा, घर कोणत्या टप्प्यात आहे ते समजून घ्या आणि हॉलमधल्या त्या एका सॉकेटची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.